सावळ्या चेहऱ्यासाठी रोजची साधी काळजी आणि बेताचा मेकअप

शिरपूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या २७ वर्षांच्या शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. त्यांचा रंग सावळा आहे, रोज येऊन-जाऊन २२ किलोमीटर स्कूटी चालवावी लागते, दोन्ही गालांवर तपकिरी डाग दिसू लागले आहेत, मान काळी पडली आहे, कपाळावर टिकलीच्या जागी खाज येते आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेले एक मलम त्या गेले तीन महिने रात्री चेहऱ्याला लावत आहेत. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला. आता मात्र उन्हात गेले की आग होते. घरात स्थळे पाहणे सुरू आहे आणि नात्यातल्या एक मावशी दर भेटीत म्हणतात, “पोर गुननी शे, फक्त रंगले जराशी कमी शे.” त्यांना रोज जमेल अशी काळजी आणि शाळेत शोभेल असा मेकअप हवा आहे. शेवटी त्यांनी एक ओळ जोडली आहे: “स्वतःला आहे तसे स्वीकारायचे ठरवले, तर मग मेकअप करणे हे ढोंग नाही का?”

ताई, मी अमळनेरला २३ वर्षे पार्लर चालवते आहे आणि तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुली मला आठवड्याला दोन-तीन तरी भेटतात. मी डॉक्टर नाही. त्यामुळे जिथे डॉक्टरांचे काम आहे तिथे तसे स्पष्ट सांगेन. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला शेवटीच देता येईल, पण सुरुवात मात्र त्या मलमापासून करावी लागेल, कारण ते चेहऱ्यावर असेपर्यंत बाकी कोणताही उपाय लागू पडणार नाही.

ती ट्यूब उजेडात नेऊन तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टिरॉइडचे मलम आहे. मोमेटासोनच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही नावे असली, तर ते वांगावर डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी देतात ते तिहेरी मिश्रण आहे. ही औषधे वाईट नाहीत; योग्य रोगाला, योग्य जागी, योग्य दिवस लावली तर ती फार उपयोगी पडतात. पण रंग उजळण्यासाठी महिनोन्‌महिने लावायची ती वस्तू नव्हे. स्टिरॉइडमुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रंगद्रव्य तयार होण्याचे काम मंदावते, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळ आणि तुकतुकीत दिसतो. पुढे तीच त्वचा पातळ होते, गालांवर लाल रेषा उमटतात, मुरूम येतात, हनुवटीवर लव वाढते आणि उन्हात किंवा चुलीसमोर आग होऊ लागते. मलम सोडले की चेहरा लालबुंद होऊन भडकतो, आणि तो शांत करण्यासाठी बाई पुन्हा तेच मलम लावते. या फेऱ्यात सहा-सहा, सात-सात वर्षे अडकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आपल्या देशात हा प्रकार इतका वाढला की २०१८ साली केंद्र सरकारला अशा १४ मलमांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री थांबवण्यासाठी अधिसूचना काढावी लागली. तरीही ‘डॉक्टरी क्रीम’ म्हणून ती एका घरातून दुसऱ्या घरात जातच राहतात, आणि देणाऱ्या काकूंच्या मनात वाईट काहीच नसते.

म्हणून ट्यूबवर वर लिहिलेल्यांपैकी एखादे नाव असेल, तर ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि मलम एकदम सोडायचे की हळूहळू कमी करायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. शिरपूरहून धुळे जवळ आहे. तिथल्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तेव्हा खर्चाचीही फार चिंता नको. ट्यूबवर घटकांची नावेच नसतील, नुसते परदेशी अक्षरांतले झाकण आणि गोऱ्या बाईचे चित्र असेल, तर ती डबी फेकून द्या आणि डॉक्टरांना तसे सांगा. अशा बेनामी गोरेपणाच्या क्रीमांमध्ये पारा सापडतो आणि पाऱ्याने मूत्रपिंडे खराब होतात. डॉक्टरांकडे जाईपर्यंत चेहऱ्यावर ब्लीच, फेशियल, स्क्रब यांतले काहीही करून घेऊ नका. पार्लरवालीने आग्रह केला तरीही नाही.

आता रंगाविषयी एक गोष्ट, जी मला धंद्यात पडल्यावर दहा-बारा वर्षांनी कळली आणि आधी कळली असती तर बरे झाले असते. आरशासमोर उभ्या राहा, बाही वर करा आणि दंडाची आतली बाजू पाहा. तिथे ऊन पोहोचत नाही. तो तुमचा जन्मजात रंग आहे. ऊन, वांग, घासणे आणि मलमे यांमुळे चेहरा त्यापेक्षा जो काही गडद झाला असेल, तेवढाच फरक काळजी घेऊन कमी होऊ शकतो. दंडाच्या आतल्या रंगापेक्षा चेहरा उजळ करून देतो असे जो कोणी म्हणेल, तो एकतर फसवतो आहे किंवा त्वचेला इजा करणारे काहीतरी विकतो आहे. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. सावळ्या त्वचेत त्या पेशी रंगाचे कण मोठे आणि जास्त तयार करतात, आणि ते कण उन्हापासून थोडेफार संरक्षणही देतात. तापी-पांझरेच्या काठी, मे महिन्यात जिथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांचा रंग सावळा असावा, यात कमीपणाचे काय आहे, हे मावशींना विचारायला हरकत नाही.

पण मावशींना बोल लावण्याआधी मी माझी चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी, अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यातले चोपडा तालुक्यातले एक लग्न होते. नवरी सावळी होती, नाकीडोळी अगदी रेखीव. तिच्या आत्याने मला बाजूला घेऊन सांगितले की, दोन शेड वरचा बेस लावा, पैसे जास्त घ्या. मी लावला. खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्यांनी वाहवा केली. गोरज मुहूर्ताला मांडवात दोन कूलर होते, पण तो उन्हाळा खानदेशातला. अर्ध्या तासात घामाचे ओघळ उतरले, त्या ओघळांखालून तिचा रंग दिसू लागला, आणि चेहरा, गळा आणि मेंदीचे हात ही तीन वेगवेगळ्या बायकांची वाटावीत अशी दिसत होती. अल्बम आला तेव्हा तर फ्लॅशमध्ये तिचा चेहरा राखेसारखा उमटलेला होता. पुढे कधीतरी ती भुवया करायला आली, तेव्हा मी भीत भीतच लग्नाच्या फोटोंचा विषय काढला. ती म्हणाली, “भिंतीवर हळदीचाच लावला आहे.” त्या फोटोत तिच्या चेहऱ्यावर हळदीशिवाय काहीही नव्हते. त्या दिवसापासून मी रंग वर नेणारा बेस लावणे बंद केले. काही गिऱ्हाइके गेली, ती गेली.

तुमच्या रोजच्या काळजीत फक्त तीनच गोष्टी येतात: धुणे, ओलावा देणे आणि उन्हापासून वाचवणे. यापलीकडचे सगळे ऐच्छिक आहे.

धुण्याबद्दल खानदेशात वेगळे सांगावे लागते ते पाण्यामुळे. तुमच्या घरी बोअरचे पाणी असेल, तर बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाला पांढरा थर जमत असेल, साबणाला फेस येत नसेल आणि अंघोळीनंतर त्वचा ताणल्यासारखी वाटत असेल. अशा जड पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर साबण मिसळला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो कितीही पाणी ओतले तरी त्वचेवर थोडा राहतोच. शिवाय साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या घरात, तर त्वचेचा स्वतःचा ५ च्या आसपास. म्हणून चेहऱ्याला अंगाचा साबण लावू नका. साबणविरहित, सौम्य, फार फेस न करणारा फेसवॉश घ्या आणि तो दिवसातून दोनदाच वापरा; सकाळी त्वचा तेलकट नसेल तर नुसत्या पाण्याने तोंड धुतले तरी चालते. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घेतले तर फरक तुम्हालाच जाणवेल. चेहरा टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या.

चेहरा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावावे. तेलकट त्वचेला त्याची गरज नसते हा समज चुकीचा आहे; तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मलमाने दुखावलेल्या तुमच्या त्वचेला तर सध्या त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे. ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेले, वास नसलेले, साधे क्रीम निवडा. उन्हाळ्यात जेलसारखे पातळ चालेल, पण धुळ्याकडच्या थंडीत, जेव्हा पहाटे स्कूटीवर गाल फुटतात, तेव्हा घट्ट क्रीम लागेल आणि ओठांना व्हॅसलीन लागेल. खोबरेल तेल हातापायांना उत्तम आहे. चेहऱ्यावर मुरूम येत असतील तर मात्र तिथे नको.

सनस्क्रीनवर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथेच बहुतेकींचे पैसे वाया जातात. एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते आणि एसपीएफ ५० असलेले सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकड्यावरून दुकानात घासाघीस करण्यात फारसा अर्थ नाही. हे आकडे मात्र प्रयोगशाळेत भरपूर थर देऊन काढलेले असतात आणि आपण लावतो त्याच्या निम्मासुद्धा नाही. तर्जनी आणि मधले बोट या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा; एवढे चेहरा आणि गळा मिळून लागते, म्हणजे साधारण एक ग्रॅम. त्या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा वापरली तर २५ दिवसांत संपते. एक ट्यूब तुम्हाला दिवाळीपासून अखाजीपर्यंत पुरत असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावतच नाही असे समजा. महागडी छोटी ट्यूब जपून वापरण्यापेक्षा परवडणारी मोठी ट्यूब सढळ हाताने वापरणे शहाणपणाचे. ट्यूबवर एसपीएफबरोबर ‘पीए’ आणि पुढे अधिकची चिन्हे असतात. ती डाग गडद करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या किरणांविषयी असतात, ती तीन किंवा चार असावीत.

सावळ्या त्वचेवर काही सनस्क्रीनांचा पांढुरका राखी थर दिसतो आणि त्याच कारणाने अनेकजणी ते सोडून देतात. त्याला उपाय म्हणजे किंचित मातकट रंगाची, टिंटेड सनस्क्रीन. त्यांतला रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि तो डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतो. तुमच्या गालांवर दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले तपकिरी डाग वर्णनावरून वांगासारखे वाटतात, आणि वांग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे तर दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो. म्हणून तुम्हाला टिंटेडच घ्यायला सांगेन. तुमच्या रंगाला जुळणारे मिळाले तर निम्मे मेकअपचे काम तिथेच संपते. शाळेत निघण्याच्या पंधरा मिनिटे आधी लावा, आणि दुपारी सुटीच्या उन्हात परत निघण्यापूर्वी तोंड टिपून पुन्हा एक थर द्या. श्रावणात ढग असले तरी लावायचे आहे. ढगांतून किरण येतातच.

सनकोट आणि स्कार्फ तुम्ही वापरत असालच, आणि ते अजिबात सोडू नका. दाट विणीचा गडद सुती स्कार्फ सनस्क्रीनइतकाच मोलाचा आहे. पण एक विचारते, तो स्कार्फ धुता कधी? घाम, धूळ आणि कालचे सनस्क्रीन मुरलेला तोच स्कार्फ आठवडाभर गालांवर आवळून बांधला की गालांच्या आणि हनुवटीच्या कडेने मुरूम उठतात, आणि मग त्यांचे काळे डाग पडतात. तीन स्कार्फ घ्या आणि रुमालासारखे रोज बदला.

वांगाला वेळ लागतो. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात आणि वांग फिका होऊ लागायला तीन-तीन महिने. तोही ऊन लागले की परत येतो, म्हणून त्याला बरा करण्यापेक्षा आटोक्यात ठेवण्याची गोष्ट म्हणावे. त्वचा शांत झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, नायसिनामाइड किंवा अझेलाइक अ‍ॅसिड असलेले एकच काहीतरी रात्री सुरू करता येईल. एकच, हे महत्त्वाचे. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुली मोबाइलवर पाहून पाच-पाच सीरम एकावर एक लावतात आणि लाल चेहरा घेऊन येतात. त्यांच्या पिशवीतल्या बाटल्यांची किंमत काढली तर त्यात एखाद्या घराचा महिन्याचा किराणा भरावा.

मानेबद्दल तुम्ही लिहिले आहे की रोज अंघोळीला प्लॅस्टिकच्या घासणीने घासूनही काळेपणा जात नाही. तो मळ नाहीच, मग जाणार कसा? घासून घासून त्वचा उलट जाड आणि गडद होते. मानेची त्वचा मखमलीसारखी जाड वाटत असेल, काखेतही तसेच असेल आणि अलीकडे वजन वाढले असेल, तर ते शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचे लक्षण असू शकते. उपाशीपोटी साखर तपासून घ्या आणि पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. माझ्याकडे ‘नेक पॉलिश’ करायला आलेल्या दोन मुलींना मी असेच परत पाठवले होते. त्यांतल्या एकीच्या आईला राग आला होता. नंतर तिनेच पेढे आणून दिले, कारण साखर वाढायला लागली होती आणि ती वेळेवर कळली.

टिकलीच्या जागी खाज येते, तर चिकटवायची टिकली आजपासून बंद करा. टिकलीच्या डिंकातल्या काही रसायनांनी काहींना आधी खाज येते आणि मग त्या जागी पांढरा डाग पडतो, जो जाता जात नाही. कपाळ कोरे ठेवायचे नसेल तर आयलायनर पेन्सिलने बारीक ठिपका काढा. खाज पूर्ण थांबल्यावर घरच्या हळदीचे कुंकू लावून पाहायला हरकत नाही.

स्वयंपाकघरातल्या उपायांविषयी थोडक्यात. लिंबू चेहऱ्याला लावू नका. ते फार आम्ल असते, आणि त्याचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट तर नकोच. डाळीचे पीठ दह्यात कालवून हलक्या हाताने लावले आणि वाळून कडक होण्याआधी धुतले, तर त्याने नुकसान नाही. हळद चेहरा पिवळा करते, बाकी विशेष काही नाही, पण लग्नघरात ती लावण्यात जी मजा आहे ती मला मोडायची नाही.

आता मेकअप. शाळेसाठी दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागेल असा मेकअप मी सुचवणार नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात जितके थर कमी तितके बरे. टिंटेड सनस्क्रीन लावून झाले की संपूर्ण चेहऱ्याला फाउंडेशनची गरज नाही. डाग झाकायचेच असतील तर तेवढ्यापुरते कन्सीलर घ्या. डोळ्यांखालच्या काळेपणावर थेट फिका कन्सीलर लावला की तो राखी दिसतो. आधी नारिंगी छटेचा करेक्टर अगदी मोहरीएवढा घेऊन बोटाने थोपटून लावावा आणि त्यावर तुमच्या रंगाचा कन्सीलर, म्हणजे निळसर काळेपणा मरतो. घासायचे नाही, थोपटायचे. त्यानंतर नाक, कपाळ आणि हनुवटीवर कॉम्पॅक्टचा एकच हलका हात. घाम आला तर त्यावर पुन्हा पावडर चढवू नका. आधी सुती रुमालाने टिपा, नाहीतर खडूच्या भिंतीसारखे पापुद्रे दिसतात, आणि तुमच्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलींच्या नजरेतून असे काही सुटत नाही.

शेड निवडताना काय होते ते मी रोज पाहते. दुकानात पांढरी ट्यूबलाइट असते, विक्रेता मनगटावर एक ठिपका लावतो आणि म्हणतो की ताई, तुम्हाला हा ‘आयव्हरी’ छान दिसेल, कारण गिऱ्हाइकाला फिका रंग आवडतो हे त्याला ठाऊक असते. तुम्ही असे करा: तीन शेड मागा, एक तुम्हाला वाटते ती, एक त्याहून गडद आणि एक पिवळसर छटेची. जबड्याच्या कडेवर, म्हणजे जिथे चेहरा संपून गळा सुरू होतो तिथे, तिन्हींचे बोटाच्या पेराएवढे उभे पट्टे ओढा. मग दुकानाच्या पायरीवर दिवसाच्या उजेडात या आणि दहा मिनिटे थांबा, कारण काही फाउंडेशन हवेशी आणि त्वचेच्या तेलाशी मिसळून एक छटा गडद होतात. दहा मिनिटांनी आरशात पाहा. जो पट्टा शोधूनही सापडत नाही, तो तुमचा. आपल्याकडच्या बहुतेक सावळ्या त्वचेत पिवळी किंवा ऑलिव्ह, म्हणजे हिरवट, झाक असते, त्यामुळे गुलाबी छटेचे फाउंडेशन त्यावर मेल्यासारखे दिसते. त्या चोपड्याच्या नवरीच्या बाबतीत मी नेमकी हीच चूक केली होती. फिके तर घेतलेच होते, वर गुलाबीही होते.

काजळ तुम्हाला शोभेल आणि तेवढ्यानेच डोळे भरलेले दिसतील. डबीवर घटकांची यादी असलेलेच घ्या, कारण सुट्या सुरम्यात शिसे असू शकते, आणि आपली काजळपेन्सिल बहिणीलासुद्धा देऊ नका, डोळे आले की दोघींचे येतात. रात्री ते साबणाने काढायचा प्रयत्न करू नका. कापसावर दोन थेंब खोबरेल घेऊन पापण्या मिटून पाच-दहा सेकंद धरा, ते आपोआप सुटते, मग फेसवॉशने चेहरा धुवा. लिपस्टिकमध्ये विटकरी, डाळिंबी, जांभळट आणि कॉफीच्या छटा सावळ्या रंगावर अतिशय खुलतात. फिका गुलाबी मात्र ओठांवर खडू लावल्यासारखा वाटतो. तीच लिपस्टिक बोटाच्या टोकावर घेऊन गालांवर थोपटली की वेगळा ब्लश घ्यायला नको. मेकअपच्या डब्यांवर उघड्या झाकणाचे एक छोटे चित्र आणि आत ‘६ एम’ किंवा ‘१२ एम’ असे लिहिलेले असते. उघडल्यानंतर तितकेच महिने ती वस्तू वापरायची असते. खानदेशच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवलेली लिपस्टिक त्याआधीच वितळून वास मारू लागते, तेव्हा जास्त जमवून ठेवू नका.

पार्लरमध्ये काय करावे हेही सांगून टाकते, माझ्या धंद्याचे नुकसान झाले तरी. भुवया करा, केस कापा, हातापायांची निगा ठेवा. फेशियलने येणारी चमक ही मसाजने वाढलेल्या रक्तप्रवाहाची असते आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत ओसरते. सोन्याच्या फेशियलमध्ये सोने आहे म्हणून त्वचेला काही जास्तीचे मिळत नाही. ब्लीचने त्वचेचा रंग बदलत नाही, लव पिवळसर होते म्हणून चेहरा उजळ भासतो. आराम वाटतो म्हणून कधीतरी फेशियल करून घेतले तर घ्या, पण कार्यक्रमाच्या किमान आठ दिवस आधी, म्हणजे पुरळ उठले तर बसायला वेळ मिळतो.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येते. मेकअप ढोंग आहे की नाही, हे माझ्या मते डबीत काय आहे यावर ठरत नाही. माझ्याकडे एक बाई येतात, बाजारात भाजी विकतात. रोज सकाळी डाळिंबी लिपस्टिक लावून गाड्यावर बसतात आणि ज्या दिवशी ती संपते त्या दिवशी तशाच बसतात, त्यांना काहीही वाटत नाही. दुसरी एक मुलगी आहे, ती फाउंडेशनशिवाय दार उघडायलासुद्धा जात नाही, गॅसवाला आला तरी आधी आरशाकडे धावते. मला काळजी वाटते ती या दुसरीची. तेव्हा तुम्ही स्वतःची परीक्षा अशी घ्या: आठवड्यातले दोन दिवस, सुरुवातीला रविवार आणि एखादा शाळेचा दिवस, नुसते सनस्क्रीन लावून बाहेर जा. पहिल्या दोन-तीन वेळा अवघडल्यासारखे होईल. मुले काहीही म्हणणार नाहीत, एखादी सहकारी “बरं नाही का?” असे विचारील, तिला बरे आहे म्हणून सांगा. महिन्याभराने ते दोन दिवस इतर दिवसांसारखेच वाटू लागले, तर उरलेल्या पाच दिवसांचा मेकअप निव्वळ हौसेचा आहे, आणि हौसेला ढोंग म्हणत नाहीत.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातला ‘ब्युटी’ मोडही बंद करा. अनेक फोनांत तो न सांगता सुरू असतो, चेहरा गुळगुळीत आणि उजळ करतो, आणि मग रोज आरशात आपलाच खरा चेहरा आपल्याला उणा वाटू लागतो. बाजारानेसुद्धा आता शब्द बदलले आहेत: १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. आपल्या बायोडेटात मात्र अजून ‘वर्ण’ हा रकाना आहे आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ यांतला जो शब्द जरा वर नेता येईल तो लिहिला जातो. गव्हाळ मुलगी निमगोरी होते आणि सावळी मुलगी गव्हाळ. मग पाहुणे येतात, चहा होतो आणि सगळ्यांचीच पंचाईत होते.

तुमचा बायोडेटा घरात कोणी टाइप करत असेल, तर तो रकानाच काढून टाकायला सांगा. वडिलांचा फारच आग्रह असला तर तिथे सरळ ‘सावळा’ लिहा, म्हणजे ज्यांना चालत नाही ते येणारच नाहीत आणि तुमचे पोहे वाचतील. सोबतचा फोटो स्टुडिओत पांढऱ्या झोतात काढू नका. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ओसरीवर, सावलीत, उजेडाकडे तोंड करून काढा. मावशींनाही त्या वेळी घरी बोलवा आणि फोटो त्यांच्याच हातून काढून घ्या.